शांतिनिकेतनच्या भिंती

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की पूर्वी घरोघर एकच गडबड उडावयाची. माळ्यावरची अडगळ अंगणात येई, चुनकळी पिंपात पडून फसफसू लागे, तीत थोडी नीळ आणि डिंकाचे पाणी मिसळले जाई आणि घरातला एखादा उंचापुरा काका बांबूला कुंचला बांधून भिंतींच्या मागे लागे. वर्षभरात त्या भिंतींवर काय काय साठलेले असे! दिव्याच्या काजळीचे ओघळ, दाराआड पेन्सिलीने मांडलेला दुधाचा हिशेब, नागपंचमीला गंधाने काढलेला नागोबा आणि पोरांनी कोळशाने रेखलेले हत्तीघोडे. हे सारे एका दुपारी चुन्याखाली जाई. त्याबद्दल कुणी हळहळत नसे. उलट, पांढरीशुभ्र भिंत दिसली की भाऊबीज उलटायच्या आत पोरांचे हात पुन्हा कोळशाकडे वळत.

अंगणातल्या रांगोळीची गोष्ट तर याहून साधी. पहाटे रेखावी, दुपारी कुणाच्या तरी पावलाने विसकटावी आणि दुसऱ्या दिवशी सड्याबरोबर नाहीशी व्हावी. डहाणू-जव्हारकडील वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवासिणी तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहितात. देवीला त्यात बोलवावयाचे, तिच्या साक्षीने लग्न लावावयाचे आणि मग ती भिंत पुन्हा धुराच्या नि पावसाच्या स्वाधीन करावयाची. पुढल्या लग्नाला नवा चौक. चित्र म्हणजे चौकटीत बसवून, काच लावून जपावयाची वस्तू, ही कल्पना आपल्या घरांत तशी उशिराच आली.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, आपल्या देशातल्या एका विद्यापीठाने ही घरगुती रीत मोठ्या मनोभावे उचलली आणि शंभर वर्षे आपल्या भिंती रंगविण्यात, त्या पुसट होताना पाहण्यात आणि पुन्हा रंगविण्यात घालविली. ते विद्यापीठ म्हणजे रवींद्रनाथांचे शांतिनिकेतन. तेथील गाणी, तेथील नृत्ये, तेथील झाडांखालचे वर्ग यांच्याविषयी मराठी वाचकांनी पुष्कळ वाचलेले आहे. भिंतींविषयी मात्र क्वचितच कुणी लिहिते. म्हणून यंदा फराळाच्या ताटाबरोबर ही भिंतींची हकीकत.

मौज अशी की, या हकीकतीची सुरुवात एका दिवाळीपासूनच करता येते, आणि ती दिवाळीसुद्धा बंगालमधली नव्हे, होळकरांच्या इंदुरातली!

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश गृहस्थ मूळचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. झाडे कशी वाढतात हे पाहता पाहता शहरे कशी वाढतात याचा त्याला छंद लागला आणि तो नगररचनेचा नामांकित जाणकार झाला. १९१७-१८ च्या सुमारास इंदूर दरबाराने त्याला शहराची पाहणी करण्यास बोलाविले. शहर प्लेगने गांजलेले होते. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा दाढीवाला साहेब आता आपली घरे पाडणार, अशी लोकांची समजूत झाली आणि ते त्याच्याकडे संशयाने पाहू लागले. गेडिसने महाराजांकडे अजब मागणी केली: मला एक दिवसाचा राजा करा! ती मान्य झाली, तेव्हा त्याने जाहीर केले की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या वाटेवर जास्तीत जास्त घरे झाडूनपुसून, डागडुजी करून नीटनेटकी केलेली आढळतील, त्या वाटेने ती जाईल. मग काय विचारता! मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून सारे शहर चुना आणि केरसुणी घेऊन उठले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. स्वच्छ पांढरे कपडे घातलेले, झाडूंना फुलांच्या माळा बांधलेले सफाईकामगार मानाने चालत होते आणि इंदूरनगरीची नवी देवीही होती. शेवटी राक्षस आणि उंदीर यांची होळी झाली आणि वर आतषबाजी.

हाच गेडिस पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या विषयांचा पहिला प्राध्यापक झाला. आपले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्याच विभागातून वर आले. मुंबईतल्या त्या वर्षांत रवींद्रनाथांशी त्याचा स्नेह जुळला आणि तो शांतिनिकेतनला गेला. तेथील कलाभवनात फिरताना त्याने कोऱ्या भिंती पाहिल्या आणि नंदलाल बोस यांना विचारले की, या भिंतींवर तुम्ही चित्रे का काढीत नाही? रंग नसले, पैसे नसले, तर कोळशाने काढा. ते चार दिवस टिकेल. पण जे येता-जाता पाहतील त्यांच्या मनात तर राहील. असा त्याच्या सांगण्याचा आशय होता, अशी आठवण शांतिनिकेतनात सांगितली जाते. इंदुरात ज्याने चुन्याच्या एका हाताने शहर उठविले, त्याला चार दिवसांच्या चित्राची किंमत कळावी यात नवल ते काय?

ज्यांना हा प्रश्न केला गेला, ते नंदलाल बोस भिंतींच्या बाबतीत नवखे नव्हते. त्यांनी भिंत पाहिली होती ती आपल्या अजिंठ्याची.

अजिंठ्याच्या चित्रांची एक चमत्कारिक कहाणी आहे. १८१९ साली ही लेणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली, आणि मग त्यांतील चित्रांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. मेजर रॉबर्ट गिल या सैनिक चित्रकाराने वर्षानुवर्षे डोंगरात राहून नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले. १८७२ पासून पुढे तेरा वर्षे त्यांनी नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ साली दुसऱ्या एका आगीत त्यांतल्या पुष्कळ नष्ट झाल्या. जपून ठेवण्यासाठी केलेल्या नकला दोनदा जळाल्या आणि डोंगरातल्या ओल्या अंधारात, वटवाघळांच्या संगतीत सोडलेली मूळ चित्रे मात्र उरली!

तिसरी खेप लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीची. १९०९-१० च्या हिवाळ्यात ती अजिंठ्याला उतरली तेव्हा अवनींद्रनाथ ठाकुरांचे काही शिष्य तिच्या मदतीला आले. त्यांत सत्तावीस वर्षांचे नंदलाल होते. दिवसभर लेण्यांच्या अर्ध्या उजेडात उभे राहून त्यांनी त्या रेषा गिरविल्या. हा केवळ डोळ्यांचा अभ्यास नव्हता. भिंतीला भाताचा तूस घातलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी यांसारखे साधे रंग, ही सारी घडण त्यांना जवळून पाहावयास मिळाली. आपल्या खेड्यातली बाई जी सामग्री घेऊन घर सारवते, जवळपास त्याच सामग्रीवर अजिंठा उभा आहे, ही गोष्ट त्यांच्या मनात रुजली असली पाहिजे. १९२१ साली ते ग्वाल्हेर संस्थानातील बाघच्या लेण्यांतही नकला करण्यास गेले.

शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले ते १९१९ साली. विश्वभारतीची विधिपूर्वक स्थापना झाली १९२१ साली, म्हणजे विद्यापीठाच्या आधी त्याची चित्रशाळा तयार होती. नंदलाल तेथे स्थिरावले, आणि १९५१ साली निवृत्त होईपर्यंत कलाभवन त्यांच्याभोवती वाढले. विद्यार्थी त्यांना ‘मास्टरमोशाय’ म्हणत. हे मास्टरमोशाय स्वभावाने मितभाषी होते. पण कोरी भिंत दिसली की त्यांना स्वस्थ बसवत नसे.

पण भिंत रंगवावयाची म्हणजे काय करावयाचे? कागदावर चित्र काढणे आणि भिंतीवर काढणे यांत, पत्र लिहिणे आणि चव्हाट्यावर बोलणे यांत आहे तेवढा फरक आहे. शिवाय बीरभूमचा पाऊस आणि उन्हाळा दोन्ही कडक. आरंभीची पुष्कळ कामे काही वर्षांतच फिकी पडली. नंदलालांनी त्याचे वाईट वाटून घेतले नाही. पण ते शिकावयास बसले. स्वतः मास्तर असून ते विद्यार्थी झाले! १९२७ च्या सुमारास त्यांनी जयपूरहून नरसिंगलाल नावाच्या वडिलोपार्जित कारागिराला बोलावून घेतले. जयपुरी पद्धतीत जुना मुरलेला चुना आणि संगमरवराची पूड यांचा थरावर थर चढवावयाचा, तो ओला असतानाच रंग भरावयाचा आणि मग अकीकाच्या दगडाने घोटून घोटून भिंत आरशासारखी गुळगुळीत करावयाची. जुन्या ग्रंथालयाच्या ओसरीवर नरसिंगलाल काम करीत होते आणि विद्यापीठाचे कलागुरू त्यांच्या शेजारी उभे राहून चुना कसा मळावयाचा ते पाहत होते. पदवी नसलेला कारागीर विद्यापीठात गुरू म्हणून येतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आजही नाही.

ओल्या चुन्यावरील चित्राचे शास्त्र मोठे सुरस आहे. चुना वाळतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून घेऊन पुन्हा चुनखडीचा दगड बनतो. त्या वेळी वर लावलेला रंग त्या दगडाच्या पोटात अडकतो. म्हणून अशा चित्राचे पोपडे सहसा निघत नाहीत. परंतु यात एक अट असते. जेवढा गिलावा ओला आहे तेवढ्या वेळात चित्र पुरे झाले पाहिजे. उद्या दुरुस्त करू म्हणून चालत नाही. सकाळी जेवढी भिंत लिंपली तेवढी संध्याकाळपर्यंत रंगली पाहिजे. उरली तर खरवडून काढावी लागते. श्रीनिकेतनच्या भिंतीवर नंदलालांनी १९३० साली हलकर्षणाचे चित्र याच रीतीने काढले. १९२८ साली रवींद्रनाथांनी शेतीचा उत्सव म्हणून स्वतः नांगर धरला होता, तो हा प्रसंग. सजविलेले बैल, नांगर, जमलेली माणसे! ते पाहताना मराठी माणसाला आपल्या पोळ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

एकीकडे असे दगडात मुरणारे काम चालू असता दुसरीकडे नंदलाल अगदी उलट टोकाचा प्रयोग करीत होते. कलाभवनाच्या आवारात विद्यार्थ्यांना राहण्यासाठी एक मातीचे घर बांधावयाचे ठरले. १९३४ च्या सुमारास सुरू झालेले हे घर म्हणजे ‘कालो बाडी’, काळे घर. मातीच्या भिंती पावसात टिकाव्यात म्हणून डांबराचा उपयोग करून पाहिला आणि घर काळे कुळकुळीत झाले. त्या भिंतींवर विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या गुरूंनी मातीचीच उठावाची चित्रे घडविली. भरहुतचा स्तूप, मोहेंजोदडोच्या मुद्रा, इजिप्तची शिल्पे असे जगभरचे नमुने तेथे एका ओळीत येऊन बसले. ज्या मुलाला ती दूरची शिल्पे कधी पाहावयास मिळण्याची शक्यता नव्हती, त्याने ती आपल्या खोलीच्या भिंतीवर आपल्या हाताने करून पाहिली. अशा घराला मात्र सतत हात लागावा लागतो. माती झरते, डांबर फिके पडते. मग नवी तुकडी लिंपते, डांबराचा हात देते. जुन्या विद्यार्थ्याने घडविलेले कोपरे नवा विद्यार्थी दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्तीत तो शिकतो. हे घर टिकले ते कुणी न शिवल्यामुळे नव्हे. पिढ्यान् पिढ्या त्याला हात लावीत आल्या म्हणून ते टिकले.

याच सुमारास, १९३६ साली, नंदलालांची ही विद्या महाराष्ट्राच्याही कामी आली. त्या वर्षी काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले. ते खेडे खानदेशातले फैजपूर. गांधीजींनी मंडपाच्या सजावटीसाठी नंदलालांना बोलाविले आणि अट घातली की सारे काही गावच्याच सामग्रीत झाले पाहिजे. बांबू, तट्ट्या, गवत, माती यांतून ‘टिळकनगर’ उभे राहिले. आठवड्याभरासाठी! अधिवेशन संपले, बांबू सुटले आणि शेते पुन्हा शेते झाली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी हाताने केलेल्या कागदावर सुमारे ऐंशी चित्रे काढली. ढोल वाजविणारा, कुस्ती खेळणारे, चांभार, दळणारी बाई अशी आसपासच्या खेड्यांतली माणसे! अधिवेशनास बैलगाडीतून आलेल्या शेतकऱ्याने मान वर करून पाहावे, तो तेथे आपणच! आज ती चित्रे देशाचा ठेवा मानली जातात. काढली होती मात्र मंडपाला टांगण्यासाठी.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कीर्तिमंदिरातही १९३९ ते १९४६ या काळात नंदलालांनी चार भव्य भित्तिचित्रे काढली. गंगावतरण, मीरेचे जीवन, महाभारतातील युद्ध आणि ‘नटीर पूजा’. शांतिनिकेतनची भिंत अशी गायकवाडांच्या नगरीत जाऊन पोचली.

आता या हकीकतीतल्या ज्या माणसाकडे आपण वळणार आहोत, त्याच्याविषयी लिहिताना लेखणी जरा जपून चालवावी लागते. विनोदबिहारी मुखर्जी हे नंदलालांच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. जन्मतःच त्यांचा एक डोळा निकामी आणि दुसऱ्याची दृष्टी अतिशय अधू. असा मुलगा चित्रकार होणार, हे ऐकून कुणी हसलेही असेल. त्यांनी मात्र भिंतीच निवडल्या. १९४० साली कलाभवनाच्या वसतिगृहात त्यांनी भिंत सोडून थेट छत रंगविले. मध्ये तळे, भोवती बीरभूमची झाडे, गुरे, माणसे. अंथरुणावर पडलेल्या विद्यार्थ्याने डोळे उघडले की वर सारा गाव! १९४२ साली चीना भवनात त्यांनी आश्रमातले रोजचे जीवन चितारले.

आणि मग १९४६-४७ साली हिंदी भवन. तेथे त्यांनी मध्ययुगीन संतांचे जीवन हा विषय घेतला. हजारीप्रसाद द्विवेदींसारखा कबीराचा मोठा अभ्यासक त्याच भवनाचा प्रमुख होता. खोलीच्या तीन भिंतींवर, डोक्याच्या वरच्या उंचीवर, ओल्या चुन्यात ते चित्र उतरले. एवढ्या मोठ्या कामाचा पूर्ण आकाराचा आराखडा आधी कागदावर काढून तो भिंतीवर उठविण्याची रीत असते. विनोदबिहारींनी तसे केले नाही. लहान टिपणे जवळ ठेवून ते थेट ओल्या भिंतीवर रेषा ओढीत गेले. पहाडावर चढलेल्या माणसाला सारा रस्ता दिसतो. त्यांना मात्र नाकासमोरचा हातभर तुकडाच दिसत असे, आणि उरलेला पट मनात. नदी वाहते आहे, घाट आहेत, गर्दी आहे, आणि त्या गर्दीतूनच उंच, शांत अशा संतांच्या आकृती उभ्या राहतात. संत जनांपासून वेगळे काढून सिंहासनावर बसविलेले नाहीत. वारी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची ती वर्षे. बंगालात दंगलींचा वणवा पेटलेला. अशा वेळी एक अर्धदृष्टीचा चित्रकार परातीवर चढून कबीर आणि सूरदास यांच्या युगाचे चित्र लिहीत होता. त्याने त्यावर भाषण केले नाही. भिंत पुरी केली. पुढे १९५७ साली डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली. तरी त्यांनी हात थांबविला नाही. ते कागद कापून चित्रे करू लागले आणि १९७२ साली, संपूर्ण अंध असता, त्यांनी कलाभवनाच्या भिंतीसाठी फरशांचे भित्तिचित्र केले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर बोलपट काढला. ज्याला स्वतःचे चित्र दिसणार नाही, तो ते येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी भिंतीवर लावतो. यापेक्षा चित्राचा हेतू स्पष्ट कसा सांगावा?

हिंदी भवनात विनोदबिहारींच्या हाताखाली चुना मळणाऱ्या मुलांत एक केरळी तरुण होता, के. जी. सुब्रह्मण्यन्. १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेल्यामुळे मद्रासला त्याचे शिक्षण तुटले आणि १९४४ साली तो शांतिनिकेतनला आला. पुढे बडोद्याच्या विद्यापीठात कलाशाखा उभी करणाऱ्यांत तो होता. १९८० साली प्राध्यापक म्हणून परत शांतिनिकेतनात आला. तोवर त्याला सारे ‘मानीदा’ म्हणू लागले होते. निवृत्तीनंतर, १९९० च्या सुमारास, त्यांनी कलाभवनातील एका इमारतीच्या बाहेरच्या भिंती काळ्या-पांढऱ्या चित्रांनी भरून टाकल्या. पक्षी, पशू, माणसे, झाडे, एकात एक गुंतलेली. ऊन-पावसाने दहा-पंधरा वर्षांत ती पुसट झाली.

आता काय करावे? आपल्यापैकी बहुतेकांनी म्हटले असते की जुन्या रेषा शोधून जशाच्या तशा गिरवाव्यात. मानीदांनी २००९ साली, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, परातीवर चढून त्या भिंतींवर नवेच चित्र काढले. जुने आपलेच होते, म्हणून ते पुसण्याचा अधिकारही आपलाच, असे त्यांना वाटले असावे. २०१६ साली ते गेले. नंदलालांना गेडिसने सांगितलेली कोळशाची गोष्ट येथे, नव्वद वर्षांनी, पुरी झाली असे मला वाटते.

वाचक येथे एक शंका काढतील, आणि ती रास्त आहे. भिंती अशा पुसून रंगवावयाच्या म्हटल्यावर उद्या कुणी हिंदी भवनावरही कुंचला फिरवील, त्याचे काय? आणि उलट बाजूने पाहिले तर, २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारशाचा मान दिला. आता तेथील प्रत्येक भिंतीला काच लावून ठेवणेच योग्य नव्हे का?

या शंकेचे उत्तर त्या भिंतींनीच देऊन ठेवले आहे असे मला वाटते. हिंदी भवनातले चित्र चुन्याच्या दगडात मुरले आहे; ते काढणाऱ्याने ते राहावे म्हणूनच तसे काढले. त्याला कुणी हात लावू नये, ओल येऊ देऊ नये, एवढेच आपले कर्तव्य. कालो बाडी मातीची आहे; तिला हात लावला नाही तर ती एका पिढीत ढासळेल. तिचे रक्षण म्हणजे तिला हात लावणे. आणि मानीदांच्या भिंतीसारख्या भिंती या दोहोंहून निराळ्या. त्यांच्यावर आज एकाचे, उद्या दुसऱ्याचे. प्रत्येक भिंतीचा धर्म वेगळा, आणि कोणत्या भिंतीचा कोणता हे ओळखण्याइतके शहाणपण जेथे शिकविले जाते त्यालाच विद्यापीठ म्हणावे. सगळेच पुसणारा अडाणी, आणि सगळेच गोठवून ठेवणाराही त्याचा सख्खा भाऊ.

आपल्या देशातल्या इतर विद्यापीठांच्या भिंतींकडेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी-संघटना पुष्कळ वर्षे इमारतींच्या भिंतींवर हाताने रंगविलेली प्रचंड चित्रपत्रके लावीत. ती वेळोवेळी बदलत आणि भिंतीवरून विद्यार्थ्यांचे वादविवाद चालत. २०१९ साली विद्यापीठाने ती काढून भिंती स्वच्छ केल्या. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. दिवाळीला आपण भिंतीला चुना लावतो तो पोरांचा कोळसा कायमचा बंद व्हावा म्हणून लावीत नाही. भिंत पुन्हा नवी व्हावी म्हणून लावतो. पांढऱ्या भिंतीचा उपयोग तिच्यावर पुढे काय उमटते यावरून ठरतो.

नंदलालांचा जन्म ३ डिसेंबरचा. दरवर्षी त्याच्या आदल्या दोन दिवशी कलाभवनात ‘नंदन मेळा’ भरतो. १९७३ पासून चालत आलेल्या या मेळ्यात विद्यार्थी आणि अध्यापक आपल्या हातच्या वस्तू विकतात आणि त्यातून अडल्यानडल्या विद्यार्थ्यांसाठी निधी उभा राहतो. दोन दिवसांपुरते सारे आवार सजते, आणि तिसऱ्या दिवशी ती सजावट उतरते. मास्टरमोशायांना याहून गोड वाढदिवस कोणता मिळणार?

यंदा घराला रंग काढताना एखाद्या खोलीत, दाराआड, मुलांसाठी हातभर भिंत कोरी सोडून पाहावी. कोळशाचा एक तुकडा तेथे ठेवावा. जे उमटेल ते पुढच्या दिवाळीपर्यंत राहू द्यावे, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याला दाखवावे, आणि मग पोरांच्याच हातात चुन्याचा कुंचला द्यावा. पुसायचे की ठेवायचे, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.